नागमित्र राजा आणि आमचे सर

आमच्या सरांसमोर कोणी आपलं आडनाव सांगितलं की सर आधी त्याला खाली बसायला लावत. आडनाव ही उभ्या उभ्या सांगायची गोष्ट नाही, असं त्यांचं मत होतं. मग चौकशी सुरू होई. हे आडनाव गावावरून पडलं की धंद्यावरून? गावावरून असेल तर ते गाव कुठं आहे? तिथून तुमची माणसं निघाली कधी, काऊन निघाली? गॅसचं सिलिंडर आणणारा माणूस घामाघूम होऊन ओट्यावर बसलाय आणि सर त्याला विचारताहेत, "तुह्या आज्याचा आजा कोण्या वाटेनं आला असंल, सांग बरं?" हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. एकदा मलकापूरहून मुलगी पाहायला निघालेली मंडळी रस्ता विचारायला सरांच्या दारात थांबली. दीड तासानं उठली तेव्हा मुलाच्या मामाला कळलं होतं, की आपलं आडनाव बहुतेक एका नाल्यावरून पडलेलं आहे. मामा इतका हरखला की मुलीच्या घरी तो दुसरं काही बोललाच नाही.

सरांचं स्वतःचं आडनाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही लगेच त्यांना कुठल्या तरी खान्यात बसवाल, आणि ते त्यांना आवडणार नाही.

सर मूळचे आमच्या गावचे नव्हेत. ते मेहकर तालुक्यातल्या डोणगावकडचे. मिसरूड फुटलेल्या वयात आमच्या हायस्कूलला इतिहास-भूगोल शिकवायला आले आणि इथेच राहिले. आमचं नागोळी म्हणजे धामणगाव बढ्याच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की लागणारं गाव. गावाच्या वरच्या अंगाला पांढरीचं टेकाड आहे. फार जुनी वस्ती मोडली की तिथली माती राखेसारखी होते, म्हणून तिला पांढरी म्हणायचं. पावसाळा सरला की टेकाडातून खापरं वर येतात. सर ती वेचत, धुवत, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत कापसावर मांडून ठेवत. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकू म्हणायच्या, "माह्या घरात डाळीले डबा नाही, खापराईले हाय."

सरांचा एक शब्द गावभर ठाऊक होता. "कशावरून?" तुम्ही काहीही बोला, सर डोकं तिरपं करून विचारणार, कशावरून?

"सर, माही माय बिमार हाय. मले घरी जाऊ द्या."

"कशावरून बिमार हाय?"

"ताप हाय सर."

"मोजला?"

"नाही सर. कपाळाले हात लावून पाह्यला."

"मग तसं सांग. हात लावला, गरम लागला. बिमार हाय हे त्याच्या नंतर. जा आता, पळत जा."

हेडमास्तरांनी नुसतं "यंदा पाऊस बरा" म्हटलं तरी सर पर्जन्यमापकाकडे बोट दाखवायचे. एस.टी.त चढले की कंडक्टरच्या शेजारी उभे राहून प्रत्येक थांब्याला ओरडायचे, "ह्या गावाचं नाव कशावरून पडलं, मले माहीत नाही! ज्याले माहीत असंल त्यानं उतरायच्या आधी सांगा!" लोक हसायचे, पण सांगायचेही. एक म्हातारी त्यांना नाव सांगायच्या नादात पुढच्या गावाला जाऊन उतरली.

मी त्यांची विद्यार्थिनी. पुढे त्याच शाळेत गणिताची शिक्षिका झाले, आणि वर्गात प्रमेय सिद्ध करताना माझ्याही तोंडून "कशावरून?" निघू लागलं तेव्हा स्टाफरूममध्ये सरांनी सगळ्यांना स्वतःच्या खिशातून पेढे वाटले.

तर असा हा माणूस. आणि ह्याच माणसानं एक पुस्तिका लिहिली होती, जिला गावात कोणी कधी "कशावरून?" विचारलं नव्हतं.

पिवळ्या कव्हरची, बत्तीस पानांची पुस्तिका. 'नागोळीचा राजा नागमित्र.' सर ऐन तरुण असताना त्यांनी ती खामगावला छापून आणली होती. तिच्यात लिहिलं होतं, की आपलं नागोळी ही फार प्राचीन काळी राजधानी होती. तिला सात वेशी होत्या. नागमित्र राजा धर्मशील आणि शूर होता. त्याची राणी चंद्रावती मानी होती, एकदा रुसून सात दिवस माहेरी जाऊन बसली होती. त्याचा सेनापती बळभद्र महाबली, डाव्या भिवईवर पांढरा डाग, तो बाजारपेठेत शिरला की शत्रूची दाणादाण उडे. मोठ्या नगरीचा गर्विष्ठ राजा नागमित्राच्या बोलीला हसतो, तेव्हा नागमित्र भर दरबारात त्याला उत्तर देतो. ते उत्तर आमच्या गावात शेंबड्या पोरालाही पाठ होतं. "आम्ही लहान गावचे असू, महाराज, पण आमची जीभ आम्ही कोणाकडून उसनी आणलेली नाही!"

लग्नात टोपी-टॉवेलाबरोबर पाहुण्यांना ती पुस्तिका द्यायची पद्धत पडली होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी नागमित्राचं नाटक व्हायचं. मी चौथीत होते त्या वर्षी माझा मोठा भाऊ मिलिंद राजा झाला होता आणि त्याच्या बाकावरचा ज्ञानू पाटील सेनापती. ज्ञानूच्या भिवईवर चुन्याचा ठिपका लावला होता. दादानं ते वाक्य म्हटलं तेव्हा आमच्या बौद्ध वस्तीतली माणसं आणि पाटलांच्या आळीतली माणसं एकाच वेळी टाळ्या वाजवत उठली होती. माझे वडील, ज्यांना आम्ही बा म्हणतो, त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या रांगेत बसले होते. आपल्या लेकाच्या अंगावर राजाचा अंगरखा पाहून बा ढसाढसा रडले.

दादा आणि ज्ञानू पुढेही एकत्रच राहिले. दोघांनी धामणगाव बढ्याला ठिबकच्या नळ्यांचं दुकान टाकलं. सर निवृत्त झाले. आणि मग देशभर शहरांची, गावांची नावं बदलायची हवा सुटली, ती आमच्याही गावात शिरली.

कल्पना दादा आणि ज्ञानू दोघांची. आपल्या गावाला एवढा मोठा राजा असताना नाव काय, तर नागोळी? ते नागमित्रनगर करायचं! लगेच व्हॉट्सअॅपवर ग्रुप निघाला. मोटरसायकलींवर स्टिकर आले, 'आम्ही वंशज नागमित्राचे'. फाट्यावर कमान उभारायची ठरली. महिनाभर गाव नुसतं तरंगत होतं. मीसुद्धा. खोटं कशाला बोलू, माझ्या स्कूटीवरही ते स्टिकर होतं.

भांडण लागलं कमानीवरच्या चित्रावरून. दादा म्हणाला, राजा बोधिवृक्षाखाली बसलेला दाखवायचा. ज्ञानू म्हणाला, राजा महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून दाखवायचा. पुस्तिका काढून पाहिली. तिच्यात एवढंच होतं, 'राजा धर्मशील होता.' कोणता धर्म, ते सरांनी लिहिलेलंच नव्हतं.

"नाग म्हणजे नागवंशी," दादा ग्रुपवर लिहू लागला. "ह्या देशाचे मूळचे लोक आम्ही. तुम्ही बाहेरून आले." त्याला ज्ञानूचं उत्तर, "नाग महादेवाच्या गळ्यातला. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या ह्या मातीत गेल्या. ज्याले हे पटत नाही, त्याचा हा देशच नाही." एकाच बाकावर दहा वर्षं बसलेली माणसं ही! दुकानाचं शटर खाली आलं. दादानं टेकाडावर निळा झेंडा आणि राजाची पाटी लावायचं जाहीर केलं, तर ज्ञानूनं त्याच दिवशी, त्याच वेळेला भगवा झेंडा आणि राजाची पाटी लावायचं जाहीर केलं. दोन्ही पाट्यांवर राजाचं नाव एकच.

एके सकाळी मी आठवीच्या वर्गात गेले तर दादाची मुलगी आणि ज्ञानूची मुलगी वेगवेगळ्या बाकांवर बसलेल्या. दोघींचे डोळे सुजलेले. मी काही विचारायच्या आत माझी भाची उभी राहिली. शाळेत ती मला मॅडम म्हणते, पण त्या दिवशी विसरली.

"आत्या, ती म्हणते मी भारताची नाही."

"पह्यले तू म्हटलं मले!" ज्ञानूची मुलगी ओरडली. "तू म्हटलं आम्ही बाहेरून आलो! मी कुठून आली? मी तर धामणगावच्या दवाखान्यात झाली!"

वर्ग हसला नाही. चाळीस मुलं माझ्याकडे बघत होती. मी फळ्यावर गणित लिहिलं आणि ते माझं मलाच सुटेना.

त्याच आठवड्यात रविवारी दोन्ही पक्ष सरांकडे गेले. आधी ज्ञानू शाल-श्रीफळ घेऊन गेला. तो बाहेर पडतोय तोच दादा गेला, आणि सोबत मलाही घेऊन गेला. मी त्यांची माजी विद्यार्थिनी म्हणून सर माझं ऐकतील, असा त्याचा हिशेब. सर खुर्चीत बसलेच नव्हते. लहान मुलासारखे घरभर फिरत होते.

"दुसरी आवृत्ती काढाचं म्हणतात!" ते मला पाहताच म्हणाले. "चार रंगांत! पोरी, जिल्ह्याच्या पेपरवाल्याचा फोन आला होता मले!"

"सर, एक ओळ फक्त," दादा हात जोडून म्हणाला. "राजानं विहार बांधला, एवढी एक ओळ टाका. बाकी सगळं तसंच."

"ज्ञानूनं बी एकच ओळ मागतली," काकू आतून म्हणाल्या. "मंदिराची."

"बघू, बघू," सर हसत म्हणाले. आणि मला दिसलं, की ते खरंच विचार करताहेत. त्यांना मोह झाला होता. जन्मभर सगळ्यांना कशावरून म्हणून हैराण करणारा माणूस आपल्या पिवळ्या पुस्तिकेच्या चार रंगांतल्या कव्हरला भुलला होता. मला त्यांचा फार राग आला. दादाला पुढे पाठवलं आणि मी वर्गात घडलं ते सगळं त्यांना सांगितलं. दोन्ही मुलींचं. एकही शब्द न वगळता.

सर खाली बसले. मग उठून चपला शोधत म्हणाले, "चाल, टेकाडावर जाऊ."

दुपारचं ऊन होतं. टेकाडावर चढून सर दम खात उभे राहिले. खाली सोयाबीनची कापलेली शेतं, आमची वस्ती, पाटलांची आळी, शाळा.

"नागमित्र कुठून आला, माहीत हाय का तुले?"

"टेकाडातून ना सर? खापरांवरून?"

"पुण्यातून," सर म्हणाले. "मले एकदा पुण्याले ट्रेनिंगले पाठोलं होतं. इतिहासाचे मास्तर होते सगळे. मी उभा राहून म्हटलं, मले एक विचाराचं हाय. तर सगळे हासले. मी काय विचारलं ते कोणं ऐकलंच नाही, त्याईले 'मले' ऐकूनच हासू आलं. मंग एकानं विचारलं, तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे? मले काही सांगता आलं नाही. पूर्ण रस्ता, पुण्यापासून मलकापूरपर्यंत, गाडीत मी त्याईले उत्तरं देत आलो. मनातल्या मनात. घरी आलो अन् तेच लिहून काढलं. आठ दिवसांत राजा तयार!"

"मग ते दरबारातलं वाक्य?"

"ते मले पुण्यात म्हणाचं होतं. म्हणता आलं नाही. म्हणून त्याले म्हणाले लावलं."

माझ्या भावानं राजाचा अंगरखा घालून म्हटलेलं, माझ्या बांना रडवणारं ते वाक्य!

"आधी वाटलं होतं, दोन-चार वर्षांत सांगून टाकू," सर म्हणाले. "मंग नाटक झालं. तुहा बाप रडला. त्याच्यानंतर तोंड उघडलंच नाही माहं."

"आता उघडाल?"

सरांनी पायाजवळचं एक खापर उचललं, पाहिलं आणि परत ठेवलं. "लोकं मारतीन मले," ते म्हणाले. मग एकदम लहान मुलासारखे हसले. "पण मजा येईन बे!" जन्मात पहिल्यांदा सरांनी मला दोस्तासारखं बे म्हटलं.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. एवढी माणसं मी गावात कधी पाहिली नव्हती. फाटकाजवळ पोलिसांची गाडी. डाव्या हाताला निळे रुमाल, उजव्या हाताला भगवे रुमाल, मध्ये खडूची रेघ मारावी तशी मोकळी जागा. सरपंचबाईंनी विषय वाचला, आणि दोन्हीकडून एकदम घोषणा सुरू झाल्या. घोषणा एकच, 'नागमित्र राजा की जय!' दोन्ही बाजू एकाच राजाचा जयजयकार एकमेकांवर दगडासारखा फेकत होत्या. पुढे काय होणार हे तिथं सरांना, काकूंना आणि मलाच ठाऊक होतं.

सर उठले. मधल्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिले. दोन्हीकडून टाळ्या.

"गाववाले हो," सर म्हणाले, "नागमित्र राजा नव्हता. तो मी बनवला."

मग जो गलका उठला! "म्हातारा विकला गेला!" "कोणाचा दबाव हाय सर, नाव सांगा!" "तुम्ही डोणगावचे, बाहेरचे! तुम्हाले आमच्या राजाचं काय पडलं?" आणि मग ज्ञानू बाकावर चढला आणि ओरडला, "कशावरून? तुम्ही बनवला, कशावरून? सिद्ध करा!"

"हाव, कशावरून?" दादाही ओरडला. आणि मग सगळं पटांगण. पाचशे माणसं सरांनीच शिकवलेला शब्द सरांवर फेकत होती. कशावरून! कशावरून!

मला वाटलं सर कोसळणार. पण त्यांचा चेहरा उजळला! आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते मिळाल्यासारखा.

"शाब्बास!" सर ओरडले. "हेच तर विचाराले पायजे होतं तुम्ही! ऐका मंग. सात वेशी कोणत्या? पुण्याहून परत आलो त्या दिवशी मलकापूरहून माही एस.टी. जिथं जिथं थांबली, ते सात थांबे. मोजून पाहा. राणी चंद्रावती कोण? माह्या बायकोचं नाव चंद्रकला. ती माह्यावर रुसून सात दिवस माहेरी गेली होती."

"पंधरा दिवस!" बायकांच्या घोळक्यातून काकू उठल्या. "सात काऊन लिहिले? मी पंधरा दिवस गेली होती. अन् हे मले न्याले आले तेव्हा ह्याईच्या हातात खापर होतं, फूल नव्हतं!"

बायका हसल्या. हसू मधल्या मोकळ्या जागेपर्यंत आलं आणि थांबलं.

"अन् सेनापती?" ज्ञानूनं विचारलं. त्याचा आवाज जरा उतरला होता. "बळभद्र तर असंल ना? भिवईवर पांढरा डाग, एवढं बारीक कोणी मनानं लिहिते काय?"

सरांनी म्हाताऱ्या माणसांच्या रांगेकडे पाहिलं. तिथं पाटलांच्या आळीतले एक आजोबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते हळूहळू सरळ झाले.

"डाव्या भिवईवर पांढरा डाग," आजोबा पुटपुटले. "बाजारात शिरला की दाणादाण... अरे, हा तर बळ्या! आपला बळ्या सांड! त्यानं पोस्टमनले उचलून फेकलं होतं!"

"बळ्या!" बौद्ध वस्तीतून एक म्हातारी ओरडली. "माह्या कोबीच्या वाडीत शिरला होता मेला!"

पन्नाशीच्या वरच्या प्रत्येकाला बळ्या आठवला. सगळे एकदम बोलू लागले. आणि त्या कल्लोळात बाकावर उभा असलेला ज्ञानू सुन्न होऊन म्हणाला, "म्हणजे... मी नाटकात सांड झालो होतो काय?"

दादानं तोंडावर रुमाल धरला. पण त्याच्याच्यानं आवरलं नाही. तो फुटला. ज्ञानूनं त्याच्याकडे पाहिलं, रागानं पाहायचा प्रयत्न केला आणि तोही फुटला. मग पटांगण हसलं. पोलीस हसले. सरपंचबाई पदरात तोंड घालून हसल्या.

फक्त एक माणूस हसत नव्हता. माझे बा.

बा उठले, तेव्हा हसणं आपोआप विरलं. ऐंशीच्या घरातला, वाकलेला माणूस. "सर," बा म्हणाले, "तुम्ही हासून मोकळे झाले. पाटलाईपाशी जमिनीचे कागद हायेत, वाडे हायेत. आमच्यापाशी काय होतं? गावाच्या बाहेर ठेवलं आमाले. मांगं वळून पाह्यलं तर अंधार. त्याच्यात तुम्ही एक राजा देला. माह्या पोरानं त्याचा अंगरखा घातला. आता म्हणता, तो नव्हताच. आमी आता मांगं वळून कोणाले पाहाचं?"

सर बांच्या समोर गेले. "मी चुकलो," ते म्हणाले. "खोटा राजा देऊन मी तुमचाच जास्त गुन्हेगार झालो. ह्या मुलखात विहार होते, भिक्खू होते, हे खरं हाय. मंदिरं बी होती, हे बी खरं. पण ह्या टेकाडावर कोण राहत होतं, ते मले माहीत नाही. तीस-पस्तीस वर्षं खापरं वेचून मले एवढंच समजलं, की कोणीतरी इथं चूल पेटवत होतं. ते तुमचे नव्हते असं कोणाले म्हणता येत नाही. माहे होते असंही मले म्हणता येत नाही."

"अन् नागोळी नाव?" कोणीतरी विचारलं.

"नागावरून असंल. नागवेलीवरून बी असंल, इथं कधी पानमळे असतीन तर. माहीत नाही." सर थांबले आणि पुन्हा म्हणाले, "माहीत नाही."

सरपंचबाईंनी ठराव बाजूला ठेवला. झेंडे टेकाडावर गेले नाहीत. सगळं गोड झालं असं मात्र नाही. दादा आणि ज्ञानू पुन्हा एकत्र आले ते पहिल्यांदा सरांना शिव्या घालायलाच. दोघं मिळून सरांच्या दारात उभे राहून तासभर भांडले, आणि काकूंनी दिलेला चहा पिऊन, एकाच मोटरसायकलवर बसून दुकान उघडायला गेले. काही पोरं आजही म्हणतात, सरांच्या डोक्यावर परिणाम झाला, राजा खराच होता. नागमित्राचे रील अजून फिरतात. आठवीच्या वर्गात दोन्ही मुली पुन्हा एका बाकावर यायला महिना लागला. मी त्यांना सांगितलं नाही, त्यांच्या त्याच आल्या.

सर घरोघर फिरून पुस्तिका परत मागू लागले. कोणी देईना! लोक म्हणाले, गोष्ट म्हणून ठेवतो. मग सरांनी नवंच काढलं. दारात बसून घरच्या माणसांना विचारायचं, तुमच्या आजीचं नाव काय? पणजीचं? दोन हजार वर्षांपूर्वीच्या राणीचं नाव सगळ्या गावाला पाठ होतं, पण पणजीपाशी येऊन घरंच्या घरं अडली. पाटलांच्या आळीत तसंच, आमच्या वस्तीत तसंच. ज्ञानूनं तर आईला, मावशीला, आत्याला फोन लावले. तिघींनी तीन नावं सांगितली. सरांनी तिन्ही लिहून घेतली आणि पुढे खूण केली, 'ऐकीव'.

सर आमच्या घरी आले तेव्हा बा त्यांच्याशी बोलले नाहीत. ग्रामसभेपासून बोलतच नव्हते. सरांनी आजीचं नाव विचारलं. बांनी मान फिरवली. सर थोडा वेळ ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि उठून गेले.

पण त्या दिवसापासून बा अस्वस्थ झाले. जेवताना घास हातात धरून थांबायचे. अंगणात फिरताना स्वतःशीच नावं घोळवायचे, मान हलवून टाकून द्यायचे. "लहान असताना तिच्या मांडीवर झोपलो मी," ते मला म्हणाले. "सगळे तिले बुढी म्हणत. बुढीले नाव असते, हे मले कधी वाटलंच नाही वं."

चौथ्या दिवशी भर दुपारी, भाकरी अर्धी टाकून, बा उठले. काठी घेतली. "कुठं चालले, बा?" मी विचारलं आणि मागून निघाले. बा ऐंशीच्या वयात जवळजवळ पळत होते. वस्ती ओलांडली, शाळा ओलांडली, सरांच्या दारात जाऊन धापा टाकत उभे राहिले.

सर खापरं धूत होते. ओल्या हातानं तसेच उठले.

"भिवरी," बा म्हणाले. "माह्या आजीचं नाव भिवरी होतं."

सरांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता विचारणार. पण सरांनी काही विचारलं नाही. धोतराला हात पुसले, पेन शोधायला घरात धावले, पेन सापडेना म्हणून काकूंना हाका मारल्या, आणि मग येऊन बांना हाताला धरून खुर्चीत बसवलं.

"पुन्हा सांगा," सर म्हणाले.

"भिवरी," बा म्हणाले, आणि मग एकदम, इतक्या वर्षांनी आठवून, हसू लागले. "लय मोठ्यानं हासे ती. वस्तीत हासली की वेशीपाशी ऐकू ये."